रमी: टाकलेल्या पानाचा खेळ

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा नवा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली आणि पैसे लावून रमी खेळवणारी मोबाइल ॲप्स पाहता पाहता थंडावली. त्यानंतर अनेकांच्या मनात एकच गोंधळ उरला. 'रमी हा कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे,' हे वाक्य याच ॲप्सच्या जाहिरातींतून आपण वर्षानुवर्षे ऐकत होतो. ते वाक्य खोटे होते का? आणि खरे असेल, तर बंदी कशी आली?

उत्तर कायद्याच्या पुस्तकात अर्धेच सापडते. उरलेले अर्धे रमी हा खेळ कसा घडला यात आहे. ज्या एका नियमामुळे रमी इतर पत्त्यांच्या खेळांपासून वेगळी झाली, त्याच नियमावर पुढे न्यायालयाचा निकाल उभा राहिला. म्हणून सुरुवात पत्त्यांपासूनच करू.

आधी चार शब्द

रमीत प्रत्येकाला ठरावीक पाने वाटली जातात, आपल्याकडच्या प्रचलित प्रकारात तेरा. उरलेली पाने उपडी ठेवतात. तो झाला बंद गठ्ठा. त्याच्या शेजारी एक पान उताणे ठेवतात. तेथून टाकलेल्या पानांचा ढीग सुरू होतो. आपली पाळी आली की यांपैकी एका ठिकाणचे पान उचलायचे आणि हातातले एक नको असलेले पान ढिगावर टाकायचे. बस्स, संपूर्ण खेळाची हालचाल एवढीच.

उद्दिष्ट असते हातातली पाने जुळवण्याचे. एकाच रंगाची सलग पाने, जसे बदामाची पंजी, छक्की, सत्ती, म्हणजे सिक्वेन्स. वेगवेगळ्या रंगांची एकाच किमतीची तीन किंवा चार पाने, जसे तीन राण्या, म्हणजे सेट. जोकर हा कोणत्याही पानाच्या जागी चालतो. गाडीतल्या स्टेपनीसारखा तो कोणत्याही चाकाची जागा घेतो. मात्र किमान एक सिक्वेन्स जोकरच्या मदतीशिवाय लावावाच लागतो. त्याला प्युअर सिक्वेन्स म्हणतात, काही घरांत 'लाइफ' असेही म्हणतात. एवढे शब्द पुरेत.

मेंढीकोट आणि रमी यांची घराणी वेगळी

पत्त्यांचे बहुतेक जुने खेळ 'हात' करण्याचे आहेत. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, लॅडीज किंवा ब्रिज आठवून पाहा. प्रत्येक भिडू एकेक पान खेळतो, सर्वांत वरचढ पान किंवा हुकूम ज्याचा, त्याचा हात. या घराण्यात खेळलेले पान संपते. ते कोणाच्या तरी हातांच्या गड्डीत उपडे जाऊन पडते आणि डावातून बाद होते.

हे घराणे खरोखर जुने आहे. पत्ते चीनमध्ये जन्मले, इस्लामी जगातून पश्चिमेकडे गेले आणि १३७० च्या दशकात युरोपात पोहोचले, असा इतिहासकारांचा सर्वसाधारण निष्कर्ष आहे. फ्लोरेन्स शहराने १३७७ मध्ये एका नव्या पत्त्यांच्या खेळावर निर्बंध घातले होते. म्हणजे युरोपात पत्ते दिसू लागल्यावर बंदीलाही फार वेळ लागला नाही. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या ममलूक काळातला एक कॅट जपून ठेवलेला आहे. त्याची मूळ रचना चार रंग आणि प्रत्येकी तेरा पाने अशी, आजच्यासारखीच बावन्न पानांची होती. भारतात गंजिफा आल्या त्या इराणी वळणाने. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ च्या नोंदींत त्याने सिंधमधील शाह हसनला गंजिफा पाठवल्याचा उल्लेख आहे. सावंतवाडीच्या गोल, रंगवलेल्या गंजिफा त्याच परंपरेतल्या, आणि गंजिफाचा खेळही हात करण्याचाच.

या सगळ्या पसाऱ्यात रमी कुठेच नाही. आपल्याकडे ती इतकी मुरली आहे की ती पेशवाईपासून चालत आली असावी असे वाटते. प्रत्यक्षात 'रमी' हे नाव जेमतेम सव्वाशे वर्षांचे आहे.

मेक्सिको, चीन की पोकर?

रमीच्या उगमाविषयी तीन मते आहेत, आणि तिन्हींना काही ना काही आधार आहे.

पहिले मत मेक्सिकोकडे बोट दाखवते. एकोणिसाव्या शतकात मेक्सिकोत आणि टेक्सासच्या सीमाभागात 'काँकियन' नावाचा दोन जणांचा खेळ लोकप्रिय होता. तो चाळीस पानांच्या स्पॅनिश कॅटने खेळत. या नावाचा उगम 'कोन किएन', म्हणजे 'कोणाबरोबर', या स्पॅनिश शब्दांत असल्याचे सांगितले जाते. पाने उचलणे, सिक्वेन्स आणि सेट लावणे, नको ते सोडून देणे हा रमीचा सारा सांगाडा काँकियनमध्ये आहे. एक फरक मात्र मोठा आहे. काँकियनमध्ये गठ्ठ्यातून उलटलेले पान हातात घेता येत नाही. ते तिथल्या तिथे आपल्या खाली मांडलेल्या पानांत जुळवायचे, नाहीतर प्रतिस्पर्ध्यासाठी सोडायचे. शिवाय एखादे पान प्रतिस्पर्ध्याच्या मांडलेल्या पानांत बसत असेल, तर ते त्याला घ्यायला भाग पाडता येते, मग त्याने त्याची पुढची सगळी आखणी मोडली तरी चालते. खेळ दिसायला साधा असला तरी चांगलाच काटेरी आहे.

दुसरे मत चीनकडे जाते. ब्रिटिश वकिलातीत काम करणाऱ्या विल्यम हेन्री विल्किन्सन यांनी १८९० च्या दशकात चिनी पत्त्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि 'खानहू' नावाचा चिनी खेळ इंग्रजी वाचकांपुढे मांडला. त्यातही पाने उचलून जुळवायची असतात. ठोकळ्यांनी खेळला जाणारा माजाँग हा तर याच घराण्यातला सर्वांत प्रसिद्ध चिनी खेळ: तीन सारखे किंवा तीन सलग ठोकळे जमवा, एक उचला, एक टाका. माजाँग पाहणारा रमीचा खेळाडू पाच मिनिटांत म्हणतो, 'अरे, ही तर आपलीच.'

तिसरे मत पोकरचे. पत्त्यांचे अमेरिकन जाणकार जॉन स्कार्न यांचा आग्रह होता की पोकरच्या एका प्रकारातून 'रम पोकर' झाला आणि त्यातून रमी.

माझा कौल काँकियनच्या बाजूने आहे. कारण साधे आहे: अमेरिकेत रमी दिसू लागली त्याच्या आधीच काँकियन तिथे खेळला जात होता, आणि दोन्हींचे सांगाडे जुळतात. चिनी खेळांशी साम्य निर्विवाद आहे, पण साम्य म्हणजे प्रवासाचा पुरावा नव्हे. दोन घरांत सारखीच आमटी होत असेल, तर एका घराने दुसऱ्याकडून पाककृती नेली असेलच असे नाही. चीनमधून हा खेळ मेक्सिकोत कसा पोहोचला हे दाखवणारी मधली कडी नसेल, तोवर ते आकर्षक अनुमानच राहते.

एक नियम बदलला

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत 'रम' किंवा 'रमी' हे नाव रूढ झाले. ते मद्यावरून आले की 'विचित्र' या अर्थाच्या जुन्या ब्रिटिश बोलीतल्या शब्दावरून, यावर वाद आहे. नावापेक्षा महत्त्वाचा आहे तो नियमातला बदल: उचललेले पान आता हातात घेऊन लपवता येऊ लागले.

बदल लहान वाटतो, पण त्याने खेळाचा स्वभावच पालटला. काँकियनमध्ये जवळजवळ सगळे व्यवहार टेबलावर, उघड्यावर होतात. रमीत तुमची जुळवाजुळव झाकलेली राहते आणि तिच्याविषयी जगाला कळते ते फक्त दोन गोष्टींवरून: तुम्ही ढिगावरून काय उचलले आणि काय टाकले. टाकलेले पान मेंढीकोटातल्यासारखे मरत नाही. ते पुढच्या खेळाडूच्या कामाला येते आणि वर तुमच्याविषयी चुगलीही करते. घरातून रोज बाहेर जाणारी रद्दी पाहून एखादा चौकस शेजारी तुमच्या घरात काय चालले आहे याचा अंदाज बांधतो, तसेच हे.

पुढे या कुळाचा विस्तार भराभर झाला. न्यूयॉर्कमधील एल्वुड बेकर यांना १९०९ मध्ये 'जिन रमी' रचल्याचे श्रेय दिले जाते. रमही दारू आणि जिनही दारू, या न्यायाने नाव पडले. १९३० आणि ४० च्या दशकांत हॉलिवूडच्या मंडळींनी ती डोक्यावर घेतली. उरुग्वेच्या राजधानीत, माँटेव्हिडिओत, १९३९ मध्ये 'कनास्टा' जन्मली. दोन कॅट आणि चार जोकर अशा १०८ पानांनी खेळायच्या या प्रकाराने १९५० च्या आसपास अमेरिकेला वेड लावले. मूळ रुमानियाचे एफ्राइम हर्ट्झानो यांनी हाच खेळ आकड्यांच्या ठोकळ्यांवर आणला आणि पुढे इस्राएलमधून 'रमीकब' या नावाने तो जगभर गेला.

तेरा पानांची रमी

भारतात रुजलेला प्रकार तेरा पानांचा. सहसा दोन कॅट आणि छापील जोकर घेतात, शिवाय डाव वाटल्यावर एक पान उलटून त्या किमतीची सगळी पाने जोकर ठरवतात. एकवीस पानांचा प्रकार हा याचाच थोरला भाऊ. तीन कॅट, सणाची रात्र आणि जागरणाची तयारी असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

इतके जोकर असल्यावर डाव फारच सोपा व्हायला हवा, अशी शंका येईल. प्युअर सिक्वेन्सची अट आहे ती याच ठिकाणी आडवी येते. स्टेपनी कितीही असोत, एक गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिलीच पाहिजे. हातात चार जोकर आहेत पण प्युअर सिक्वेन्स नाही, अशा माणसाचे गुण (रमीत ते दंडाचे असतात) सगळे अंगावर येतात, कमाल ८० पर्यंत. उलट, हात वाईट आहे हे ओळखून पहिले पान उचलण्याआधीच डाव सोडला तर बहुधा २० गुणांवर सुटका होते, आणि मध्येच सोडला तर ४० वर. हात पाहून २० गुण सोसायचे की ८० चा धोका पत्करायचा, हा रमीतला पहिला निर्णय, आणि तो एकही पान हलण्याआधी घ्यावा लागतो.

पाने तर नशिबाने येतात, मग कौशल्य कुठे आहे?

हा सर्वांत रास्त आक्षेप. एका बावन्न पानी कॅटमधून तेरा पानांचे ६३,५०१ कोटींहून अधिक वेगवेगळे हात होऊ शकतात. त्यांतला कोणता तुमच्या वाट्याला येईल यावर तुमचा काडीचा ताबा नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे.

समजा तुमच्याकडे बदामाची छक्की-सत्ती आहे आणि किलवरची छक्की-अठ्ठी. दोन्ही जोड्या सारख्याच वाटतात. पण बदामाची जोडी पंजीने किंवा अठ्ठीने पूर्ण होते, म्हणजे दोन कॅटमध्ये तिच्या कामाची चार पाने आहेत. किलवरच्या जोडीला फक्त सत्ती हवी, तिची दोनच. एक जोडी मोडायची वेळ आली तर कोणती मोडावी, हे यावरून ठरते. आता त्याआधी ढिगात किलवरची एक सत्ती पडून गेलेली तुम्ही पाहिली असेल, तर उरली एकच. जो ढिगाकडे लक्ष देत नाही, तो न येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहत बसतो.

पुढे चला. समोरच्याने ढिगावरून चौकटची नव्वी उचलली. ती त्याने उगाच उचललेली नाही. त्याच्याकडे एकतर आणखी नव्व्या आहेत किंवा चौकटचीच शेजारची पाने. म्हणून आता तुमच्यासाठी चौकटची सत्ती, अठ्ठी, दश्शी आणि गुलाम टाकणे धोक्याचे, आणि कोणतीही नव्वी तर त्याहून. चौकटचा राजा तुलनेने सुरक्षित. आणि समोरचा मुरलेला असेल तर तो तुमच्या याच हिशेबावर जाळे टाकतो. त्याला बदामाची नव्वी हवी असते. तो हातातली निरुपयोगी इस्पिकची नव्वी टाकतो. 'याला नव्व्या नकोत' असे समजून तुम्ही बदामाची नव्वी निर्धास्त टाकता आणि तो शांतपणे 'शो', म्हणजे माझी सगळी पाने जुळली, असे म्हणतो. ही फजिती ज्याची झालेली नाही, त्याने रमी फारशी खेळलेलीच नाही असे खुशाल समजावे.

तरीही एका डावात नवखा माणूस कसलेल्याला हरवू शकतो, आणि हरवतोही. मग कौशल्य दिसणार कधी? पुष्कळ डावांत. समजा कसलेला खेळाडू प्रत्येक डाव जिंकण्याची शक्यता ५५ टक्के आहे, बाकी ४५ नवख्याची. एका डावावरून काहीच कळणार नाही. पण शंभर डाव झाले तर कसलेला पुढे असण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि हजार डावांत ती ९९ टक्के ओलांडते. नशीब दोघांकडे आळीपाळीने येते-जाते. दहा टक्क्यांची आघाडी मात्र एकाच खात्यात साठत राहते.

न्यायालयाने नेमके काय म्हटले?

इंग्रजांच्या १८६७ च्या जुगारविषयक कायद्यात 'निव्वळ कौशल्याच्या' खेळांना सूट होती, आणि तशीच सूट अनेक प्रांतिक कायद्यांतही आली. निव्वळ कौशल्याचा खेळ शोधायला गेले तर बुद्धिबळाखेरीज फार काही हाती लागत नाही. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९५७ पासून या शब्दांचा व्यवहार्य अर्थ लावला: ज्यात नशिबापेक्षा कौशल्याचे पारडे जड, तो कौशल्याचा खेळ.

रमीची पाळी १९६७ मध्ये आली. सिकंदराबादच्या एका क्लबवर १९६३ मध्ये पोलिसांनी छापा घातला होता. तिथे पैसे लावून रमी चालली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिला. रमीत कोणती पाने पडली हे लक्षात ठेवावे लागते आणि पाने धरण्यात व टाकण्यात बरेच कौशल्य लागते, म्हणून ती प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यातले नशीब ब्रिजमध्ये पाने वाटताना असते त्याच जातीचे, असेही त्यांनी म्हटले. पाने धरणे आणि टाकणे: काँकियनची रमी होताना जी गोष्ट खेळात आली, नेमकी तीच.

त्याच निकालात एक अट आहे, ती मात्र जाहिरातींत कधी ऐकू आली नाही. रमीच्या आडून अन्य मार्गाने जुगार चालत असेल किंवा खेळवणारा क्लब त्या खेळातून नफा कमावत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले होते.

तीनपत्तीत डोके लागत नाही का?

लागते. समोरच्याचा चेहरा वाचणे, ब्लफ मारणे, कधी पॅक व्हायचे हे ओळखणे या गोष्टी सोप्या नाहीत. पण त्याच निकालात तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा म्हणून बाजूला ठेवला आहे, आणि त्यामागचा तर्क समजण्यासारखा आहे. तीनपत्तीत आलेली तीन पाने शेवटपर्यंत तीच राहतात. तुमचे डोके चालते ते पैसे किती लावायचे यावर; पानांवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. पैसे काढून घ्या, तीनपत्तीत खेळच उरत नाही. रमीतून पैसे काढले तरी खेळ शाबूत राहतो, हे ज्या घरात मुले आणि आजी एकाच डावात बसतात तिथे कोणीही पाहिलेले असते.

मग २०२५ मध्ये काय बदलले?

रमी बदलली नाही, प्रश्न बदलला. आधीचा कायदा विचारत होता, 'हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा?' नवा कायदा विचारतो, 'यात पैसे लावून पैसे जिंकण्याची आशा आहे का, आणि तो ऑनलाइन आहे का?' दोन्हींचे उत्तर 'हो' असेल तर खेळ कौशल्याचा आहे, नशिबाचा आहे की दोन्हींचा, याने फरक पडत नाही. असे खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षेचा रोख खेळवणाऱ्यांवर आणि जाहिरात करणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्यावर नाही. या कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिकाही न्यायालयात गेल्या.

'कौशल्याचा खेळ असेल तर लोकांचे नुकसान कसे होईल?' हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण वरचा ५५-४५ चा हिशेब पुन्हा पाहा. निव्वळ नाणेफेकीत नवख्याची कधी तरी बरोबरी होण्याची आशा असते. कौशल्याच्या खेळात कच्च्या खेळाडूचे पैसे पक्क्याकडे सावकाश, पण जवळजवळ खात्रीने वाहत जातात, आणि डाव जितके जास्त तितकी ही खात्री वाढते. फोनवर एका संध्याकाळी जितके डाव होतात, तितके घरच्या सतरंजीवर सुटीभरात होत नाहीत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने जी रमीची ढाल होती, तीच नवख्याच्या खिशाला लागलेली गळती ठरते.

त्यात खेळवणाऱ्याचा वाटा आला. समजा सारख्याच ताकदीचे दोघे दर डावाला शंभर-शंभर रुपये लावतात आणि ॲप त्या दोनशेतून दहा टक्के कापून घेते. दहा डावांनंतर दोघांच्या मिळून दोनशे रुपयांनी खिसा हलका झालेला असतो, मग कोणीही जिंको. इथे पाने टाकण्यातले कौशल्य उपयोगी पडत नाही, कारण तिसरा भिडू पत्ते हातात न घेताच प्रत्येक डाव जिंकत असतो.

पैसे न लावता फोनवर रमी खेळायला या कायद्याची आडकाठी नाही. असे खेळ त्याने करमणुकीच्या वर्गात ठेवले आहेत. आणि प्रत्यक्ष टेबलाभोवती बसून, खऱ्या पानांनी चालणारी रमी या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. तिला राज्यांचे जुने जुगारविरोधी कायदे लागू राहतात, महाराष्ट्रात १८८७ चा, आणि १९६७ चा तो निकाल त्यातल्या अटीसकट.